मायेचा ताशी दर

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका शाळेच्या सभागृहात हाताने शिवलेल्या गोधड्यांचं तीन दिवसांचं प्रदर्शन होतं. पहिल्याच दुपारी कुणीतरी एका गोधडीला अडकवलेल्या चिठ्ठीचा फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. चिठ्ठीवर किंमत होती 7,000 रुपये आणि फोटोखाली एकच ओळ : 'चिंध्यांचे सात हजार!' संध्याकाळपर्यंत गटात दोन तट पडले. एक म्हणे, ही सरळसरळ लूट आहे, आमच्या आज्या असल्या गोधड्या दुपारच्या वेळात बसल्याबसल्या शिवायच्या. दुसरा म्हणे, अहो ही कला आहे, तिच्यात माया आहे, मायेचं मोल पैशात होतं का? रात्री अकरापर्यंत दीडशेच्या वर मेसेज झाले. ती गोधडी शिवायला किती दिवस लागले असतील, हा प्रश्न त्यात एकालाही पडला नाही.

हे दोन तट कितीही भांडले तरी उभे एकाच जागी आहेत, असं माझं मत आहे. 'फुकट' आणि 'अमूल्य' हे दोन्ही शब्द शिवणारीच्या हातावर काहीच टेकवत नाहीत. पहिला तसं तोंडावर सांगतो, दुसरा हार घालून सांगतो. गोधडीला मान द्यायचा असेल तर आधी तिचा हिशेब मांडावा, शिवणारीचं नाव विचारावं, आणि माया हा शब्द थोडा वेळ घडी घालून बाजूला ठेवावा.

तर हिशेब. दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन गेलो. गोधडी साडेसहा फूट लांब, साडेचार फूट रुंद, म्हणजे 78 इंच आणि 54 इंच. लांबीच्या दिशेने धावदोरा घातलेला, दोन ओळींत अर्धा इंच अंतर. झाल्या 108 ओळी. एका इंचात सरासरी चार टाके. गुणाकार केला तर साधारण 33,700 टाके होतात. शिवणारी बाई तिथेच खुर्चीवर बसली होती, तिला विचारून मी मोबाइलवर वेळ लावली. जुन्या सुती कापडाचे पाच थर, त्यातून सुई घालायची आणि बोटाने खालून चाचपत वर काढायची. मिनिटाला दहा टाके पडले. त्या वेगाने एकही क्षण न थांबता 56 तास लागतात. यात कापडं धुणं, जुन्या साड्यांचे काठ उसवणं, वरचे चौकोन जोडणं, थर जमिनीवर ताणून अंथरणं, काहीच धरलेलं नाही. सात हजारांतून मांडणाऱ्या संस्थेचा वीस टक्के वाटा वजा करा, दोरा आणि अस्तराच्या कापडाचे 600 वजा करा. उरले 5,000. भागिले 56. तासाला 89 रुपये. आमच्याकडे नळ दुरुस्त करणारा नुसता येऊन बघायचे तीनशे घेतो, आणि त्याबद्दल गटावर कुणी आजीची आठवण काढत नाही.

माझी आकडेमोड चालली असताना ती बाई म्हणाली, "काका, पुढून सगळ्याच छान दिसतात. पाठ बघा आधी." आणि तिने कोपरा उलटा केला. पुढच्या बाजूला रंगांची जत्रा होती, निळी इरकल, पिवळं पोलकं, कुणाच्या तरी शाळेच्या शर्टाचा पांढरा. मागे एकच फिकट तपकिरी कापड आणि त्यावर नुसत्या ओळी. सगळे टाके पुढच्याइतकेच, एकाच मापाचे. एकही गाठ दिसेना. गाठी कुठे गेल्या म्हणून विचारलं तर म्हणाली, "आत. दोन थरांच्या मधी. निजणाराला टोचाय नको." सभागृहात त्या दिवशी दोनशे माणसं तरी येऊन गेली असतील. पाठ बघणारे मला चौघे दिसले.

आता विरोधी मुद्दे. गटावर ते ज्या पद्धतीने मांडले गेले ती सोडा, त्यांचं सर्वांत सशक्त रूप घेऊ.

पहिला मुद्दा काटकसरीचा. गोधडी ही गरजेपोटी झालेली वस्तू. लुगडं विरलं की त्याचा दोन-तीन ठिकाणी वापर व्हायचा, मऊ भाग बाळाच्या दुपट्याला, उरलेला गोधडीत. रजईत कापूस भरतात. गोधडीत भरतात ते घरातलं संपत आलेलं कापड. अशी वस्तू दुकानात मांडणं, आणि त्याहून पुढे जाऊन नवं कोरं कापड आणून, फाडून, त्याचे तुकडे जोडून 'पारंपरिक' म्हणून विकणं यात खोट आहे की नाही? आहे. हे मी पूर्ण मान्य करतो. प्रदर्शनात तशा दहा-बारा गोधड्या होत्या. रंग जुळवून आणलेले, सगळे चौकोन एकाच ताग्यातले. त्या वाईट नव्हत्या, पण त्यांच्यावर 'आठवणींची ऊब' असं लिहिलं होतं, आणि ज्या कापडाला अजून दुकानाच्या खळीचा वास येतो त्याला कसली आठवण?

पण या मुद्द्यातून 'म्हणून गोधडीला पैसे नकोत' हे निघत नाही. काटकसर कापडाची होती. वेळेची नव्हती. वेळ तर पाण्यासारखा ओतलेला आहे. घरातल्या बाईचा वेळ फुकट धरला की वस्तू फुकटात झाल्यासारखी दिसते, एवढंच. आणि 'आमच्या आज्या शिवायच्या' हे वाक्य तरी कितपत खरं आहे?

आमच्या घरी एक गोधडी आहे, 'आजीची गोधडी'. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून ती पुण्यात आली, दरवर्षी दसरा काढताना धुतली गेली (ओली झाली की दोन माणसांना पिळायला लागते, आणि दोघांचीही पाठ धरते), आणि आता एका कोपऱ्यात फाटली आहे. फाटल्यामुळे आतलं दिसतं : वर गर्द मरून नऊवारी, खाली आजोबांचं धोतर, त्याखाली काहीतरी खाकी. या भांडणाच्या निमित्ताने मी आईला फोन केला आणि विचारलं, आजीला ही शिवायला किती दिवस लागले होते? आई हसायलाच लागली. "आजी कुठली शिवतीय? तिला सुईत दोरा ओवायला आम्ही लागायचो. उन्हाळ्यात एक बाई यायची. ओसरीवर थर टाकून द्यायचे, कडेला दगड ठिवायचे, मग ती आठ-दहा दिवस शिवत बसायची." तिला काय द्यायचे? जेवण, दोन वेळचा चहा, जोंधळे आणि वर थोडे पैसे. नाव काय होतं? "गोधडीवालीच म्हणायचो."

माझी पन्नास वर्षं 'आजीची माया' पांघरण्यात गेली आणि ती मजुरीने शिवलेली निघाली. आमच्या भागात, आणि फक्त आमच्याच नव्हे, घरोघर फिरून गोधड्या शिवून देणाऱ्या बायका होत्या, आजही पुण्यासारख्या शहरात रस्त्याच्या कडेला बसून गोधडी शिवून देणाऱ्या सापडतात. आजी शिवायच्याच नाहीत असं मी म्हणत नाही. पुष्कळ शिवायच्या, आणि सुंदर शिवायच्या. पण गोधडी कधी विकली जात नव्हती, तिला बाजार लागला तो आत्ता, ही आठवण ज्यांच्या ओसरीवर गोधडी शिवली गेली त्यांची आहे. ज्या शिवायला आल्या त्यांच्या आठवणीत जोंधळ्याचं माप असेल. कुठल्या आठवणीला 'परंपरा' म्हणायचं, हे आपण न विचारताच ठरवून टाकलं.

उद्घाटनाच्या भाषणात पाहुण्यांनी जनाबाईची कथा सांगितली. गोधडीच्या कार्यक्रमात ती येतेच. विठ्ठल रात्री जनीच्या झोपडीत आला, पहाटे काकडआरतीच्या घाईत आपला शेला आणि पदक तिथेच विसरला आणि तिची वाकळ पांघरून देवळात जाऊन उभा राहिला. टाळ्या पडल्या. देवालाही वाकळ गोड वाटली, हे ऐकायला कुणाला आवडणार नाही? पण कथा तिथे संपत नाही. सकाळी बडव्यांना देवाच्या अंगावर पदक दिसलं नाही, ते जनीच्या घरात सापडलं, आणि चोर कोण हे ठरवायला कुणाला पळभरही लागला नाही. तिला सुळावर द्यायला नेलं. सुळाचं पाणी झालं म्हणून ती वाचली. देवाच्या अंगावरची वाकळ पवित्र, आणि वाकळवाली संशयित, ही त्या कथेतली खरी बोचरी जागा आहे. आपण अर्धीच कथा सांगतो. बाईने वाकळेचे सात हजार मागितले की उरलेली अर्धी आपोआप सुरू होते.

आपली भाषाही काही फार उदार नाही. लाजिरवाणी गोष्ट उघड्यावर आणायची तर आपण लक्तरं वेशीवर टांगतो. कामचलाऊ उपायाला ठिगळ म्हणतो. ठिगळांचं वस्त्र अंगावर घालून फिरणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत, आणि त्यांचं मोठेपण कळल्यावरही ते ठिगळ कुणी उचललं नाही, पाया पडणं तेवढं उचललं. एखाद्या सभागृहात साठ-सत्तर गोधड्या दोरीवर टांगलेल्या बघून 'चिंध्या' हा शब्द पहिल्यांदा सुचतो तो असा, पिढ्यान्‌पिढ्या जिभेवर बसलेला.

'अमूल्य'वाल्यांकडे येतो. हे लोक मनाने चांगले आहेत, म्हणून त्यांच्याशी वाद घालणं जास्त अवघड. त्यांच्यासाठी हॅरिएट पॉवर्सची हकिकत. ही बाई 1837 साली अमेरिकेतल्या जॉर्जियात गुलामगिरीत जन्मली. बायबलमधले प्रसंग कापडाचे आकार कापून, एकेका चौकटीत शिवून तिने एक गोधडी केली आणि 1886 मध्ये अथेन्स गावच्या जत्रेत मांडली. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेने ती बघितली आणि विकत मागितली. पॉवर्सने साफ सांगितलं, कुठल्याही किमतीला विकायची नाही. म्हणजे अमूल्य! चार-पाच वर्षांनी हात तंगीत आल्यावर तीच बाई बैलगाडीतून, गोधडी पिठाच्या स्वच्छ पोत्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन स्मिथच्या दारात आली. दहा डॉलर मागितले. स्मिथने आपल्याकडे पाचच आहेत म्हणून सांगितलं. पॉवर्सने बाहेर जाऊन नवऱ्याशी बोलणं केलं आणि पाचाला दिली. पुढे ती आपली गोधडी नुसती बघायला म्हणून स्मिथकडे अनेकदा येत राहिली. आज ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि आता तिची किंमत खरोखरच कुणाला करता येणार नाही. 'अमूल्य' आणि 'पाच डॉलर' यांत अंतर होतं ते फक्त एका वाईट हंगामाचं. वस्तूची रास्त किंमत आधी ठरलेली नसली की अडचणीच्या दिवशी ती समोरचा ठरवतो.

याच्या उलट टोकाला, गोधडीला एकदम भिंतीवर चढवलं की सगळं ठीक होतं, असंही नाही. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जुन्या अमेरिकन गोधड्या पांढऱ्या भिंतींवर आधुनिक चित्रांसारख्या टांगल्या गेल्या. लोक चकित झाले. काल-परवाच्या चित्रकारांचं वाटावं असं काम शेतकऱ्यांच्या बायका कधीच करून बसल्या होत्या. मोठी घटना होती ती, गोधडीकडे बघण्याची नजर तिने बदलली. पण त्यातल्या बहुतेक गोधड्या कुणी शिवल्या हे कुणालाच सांगता येत नव्हतं. चित्राखाली चित्रकाराचं नाव असतं, गोधडीखाली गावाचं किंवा नमुन्याचं. तीस वर्षांनी, 2002 मध्ये, अलाबामातल्या जीज बेंड या नदीच्या वळणावरच्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या आधी ह्यूस्टनला आणि मग त्याच व्हिटनीमध्ये लागल्या, तेव्हा मात्र प्रत्येकीचं नाव होतं. 2006 साली त्या गोधड्यांची टपाल तिकिटं निघाली. आणि 2007 मध्ये त्यांतल्या काही बायका आपल्या वाट्याचे पैसे नीट मिळाले नाहीत म्हणून कोर्टात गेल्या. ते खटले पुढच्या वर्षी मिटले. मला या क्रमाचं महत्त्व वाटतं. ज्यांना नाव मिळालं त्याच हिशेब मागू शकल्या. निनावी बाई कोर्टात कुठल्या नावाने जाणार?

म्हणून आमच्या प्रदर्शनाविषयी माझी खरी तक्रार किमतीबद्दल नाहीच. चिठ्ठीवर किंमत होती, माप होतं, 'ग्रामीण महिलांनी बनवलेली' असंही होतं. ग्रामीण महिला हे कुणाचं नाव आहे?

दुसरा जोरकस मुद्दा परवडण्याचा. गोधडी ज्या घरांची, त्या घरांना सात हजार कुठून परवडणार? शहरातला श्रीमंत माणूस ती घेऊन सोफ्यावर टाकणार, आणि जिच्या आईच्या घरी आठ गोधड्यांची चळत होती ती मुलगी नऊशे रुपयांचं पॉलिस्टरचं ब्लँकेट घेणार. हे चित्र मलाही रुचत नाही. पण त्यावर उपाय शिवणारीची मजुरी पाडणं हा कसा असेल? ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी जुनी वाट अजून उघडी आहे : घरातल्या साड्या द्या, शिलाईचे पैसे द्या. मोठे टाके, दोन बोटं अंतराच्या ओळी, तेवढ्याच उबेची गोधडी बरीच कमी पैशांत होते. आणि घेणं कुणालाच सक्तीचं नाही. पैठणीच्या दुकानाबाहेर उभं राहून 'रेशमाच्या धाग्यांचे एवढे?' असं कुणी ओरडत नाही. परवडली नाही तर आपण पुढच्या दुकानात जातो. गोधडीपाशीच आपल्याला लुटल्यासारखं का वाटतं? विणकराच्या हाताला आपण कसब म्हणतो आणि गोधडीवालीच्या हाताला सवय, म्हणून.

तिसरा वाद गटावर दुसऱ्या दिवशी पेटला, आणि त्यात मी स्वतः अर्धा विरोधी पक्षात आहे. सभागृहात जागोजागी 'हात लावू नये' अशा पाट्या होत्या. एक आजी त्या वाचून म्हणाल्या, "गोधडी काय डोळ्यांनी पांघरायची?" बरोबर बोलल्या. कापड हाताला कळतं. जुन्या सुताचा मऊपणा फोटोत येत नाही, लांबून दिसत नाही. बोटांना न लावता गोधडी समजून घेणं म्हणजे वासाशिवाय फोडणी. पण त्याच सभागृहात मी एका गृहस्थांना भेळेचा कागद हातात धरून मोकळ्या हाताने फिकट गोधडीचा पोत तपासताना बघितलं, आणि एका लहान मुलाला खाली अंथरलेल्या गोधडीवर बुटांसकट उडी मारताना. त्याची आई म्हणाली, "अहो, गोधडीच आहे ना." यातला 'च' फार बोलका होता. सात हजारांच्या साडीवर तिने त्याला बुटांनी उभं राहू दिलं असतं का? अमेरिकेतल्या गोधडी-प्रदर्शनांत पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक असतात, विचारलं की ते कोपरा उलटून पाठ दाखवतात. आपल्याला मोज्यांचं नाटक नको असेल तर सोपं आहे : प्रत्येक दालनात एक गोधडी मुद्दाम हात लावायला ठेवा, आणि बाकीच्यांसाठी शिवणारीला विचारा. ती नाही म्हणत नाही. उलट विचारलं की खुर्चीवरून उठते.

फोटोंचं मात्र मला पटत नाही. हौसेने काढलेल्या फोटोबद्दल बोलत नाही मी. दोन माणसं ओळीने प्रत्येक गोधडीचा समोरून, चारी कोपरे येतील असा फोटो काढत होती. त्यांना आठवणी जमवायच्या नव्हत्या, नमुने उचलायचे होते. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयाने आपल्याकडच्या जुन्या गोधड्यांच्या नकला चीनमध्ये करवून घ्यायला परवानगी दिली, त्यांत हॅरिएट पॉवर्सची तीच बायबलची गोधडीही होती. अमेरिकेतल्या गोधडी शिवणाऱ्या बायका हजारो सह्या घेऊन उठल्या. नमुना सगळ्यांचा असतो हे खरंच आहे. चौकोनावर कुणाची मालकी? कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणाऱ्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, कडेकडून आत मध्याकडे शिवत जाते आणि तिच्या कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लागतात, आणि तीही कुणा एकीची नाही. पण सगळ्या गावाचा नमुना घेऊन तो एका कारखान्याने छापील चादरीवर उतरवणं, आणि त्यावर पुन्हा 'हँडमेड लुक' असं लिहिणं, याला देवाणघेवाण म्हणता येणार नाही. छापलेल्या टाक्याला पाठ नसते.

शेवटच्या दिवशी मी आमची फाटकी गोधडी घेऊन त्या बाईकडे गेलो. कोपरा दुरुस्त करायचे तिने 600 सांगितले, आणि पंधरा दिवस. मग ती गोधडी टेबलावर पसरून, आधी अर्थातच पाठ वर करून, बराच वेळ ओळींवरून बोट फिरवत राहिली. एका ठिकाणी थांबून म्हणाली, "डावखुरी होती ही बाई. दोरा कुठनं सुरू झालाय बघा, आमचा ह्या बाजूनं होतो." मला काहीच दिसलं नाही, पण रात्री आईला फोन केला. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, होय की, डाव्या हातानं शिवायची, आम्ही पोरी नक्कल करायचो तिची. नाव मात्र तिला तेव्हाही आठवलं नाही.